जाबदार नंबर एक

माझ्या बायकोनं तिच्या सख्ख्या भावावर दावा लावला होता, आणि त्या सकाळी आम्हांला कोर्टात पोचवायला गाडी घेऊन आला तो तोच.

"शैले, मधोमध बस. गचके कमी लागतात," श्रीरंगदादा म्हणाला. विट्याहून आमच्या तासगावला येताना त्यानं वहिनींनाही आणलं होतं, आणि वहिनींनी चौघांना पुरून उरेल एवढा डबा आणला होता. दादाच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा होता. कपाळाला गंध होतं. आरोपी म्हणून कोर्टात जाणारा इतका प्रसन्न माणूस मी नंतरही कधी पाहिला नाही.

"दादा, तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं," मी म्हणालो. "पोतनीस वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं. जाबदार नंबर एकनं कोर्टाकडे फिरकायचंच नाही."

"जाबदार नंबर एक म्हंजे मीच की."

"हो."

"मग? माझ्यावर केस चाललीया आन मी दुकानात बसून पायपा विकू? विट्यात लोक म्हणतील, श्रीरंग पळाला."

"विट्यात कुणाला माहीत आहे?"

"मी सांगितलंय की समद्यांना. म्हटलं, बहिणीनं केस टाकलीया माझ्यावर." हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. "पाहुणे, तुम्ही नका काळजी करू. चूक माझी हुती म्हणून एकदा सांगून टाकतो, विषय संपला. कोर्टाला तरी किती दिवस ताटकळत ठेवायचं?"

मागून शैला म्हणाली, "दादा, पुढं बघून चालव."

ही सूचना तिनं दोन वर्षांपूर्वीही केली होती. तेव्हा आम्ही दादाच्या मुलीची सुपारी फोडून परत येत होतो. उसाचा हंगाम होता. दादाची गाडी नवी होती आणि आनंदही नवा होता. जावई किती शिकलेला आहे, व्याह्यांनी जिलबीचा आग्रह किती केला, हे सगळं त्याला बहिणीला सांगायचं होतं, आणि बहीण मागच्या सीटवर असल्यामुळे ते मागं वळून सांगणं भाग होतं. समोर उसाची ट्रॉली उभी होती. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता, असं आम्ही सगळ्यांनी नंतर पोलिसांना सांगितलं. खरं तर दिवा असता तरी तो दादाच्या पाठीलाच दिसला असता.

गाडी थांबली. शैलाची मान थांबली नाही.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. दादा खाली उतरून बोनेटची अवस्था बघून आला, मग ट्रॉलीवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. शैला आत बसूनच म्हणाली, "मला जरा कसंतरी होतंय." रात्री तिला मान वळवता येईना. आठवड्याभरात उजव्या हाताची बोटं बधिर झाली. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि उजेडावर धरून म्हणाले, "हाडं उत्तम आहेत. मुका मार आहे. आतले स्नायू, शिरा ताणल्या गेल्यात."

"कधी बरं होईल?" मी विचारलं.

"काहींचं महिन्यात होतं," डॉक्टर म्हणाले. "काहींचं नाही होत."

शैला ब्लाउज शिवायची. माझ्या कॉलेजातल्या प्राध्यापकीपेक्षा गावात तिच्या शिलाईला जास्त मान होता. लग्नसराईत नवऱ्या मुली आमच्या ओट्यावर चपला काढून ताटकळायच्या, आणि मी आतल्या खोलीत अर्थशास्त्राचे पेपर तपासत असायचो, कारण बाहेर मला जागा नसायची. शिलाईचं काम मान खाली घालूनच करायचं असतं, आणि नेमकं तेच तिला आता जमेना. कात्री हातात धरली की थोड्या वेळानं ती आपोआप गळून पडायची. मशीनवर आधी कापड झाकलं, मग त्या कापडावर वर्तमानपत्रांची रद्दी साठू लागली.

भेटायला येणाऱ्या बायका तिच्याकडे निरखून बघायच्या. हात मोडला असता तर प्लॅस्टर दिसलं असतं, टाके पडले असते तर व्रण दिसला असता. इथे गळ्याभोवती एक पट्टा, आणि त्याच्या वर नेहमीचीच शैला. "चांगली तर दिसतीयस की गं," असं म्हणून, चहा पिऊन त्या जायच्या. एकीनं मला फाटकापाशी हळूच विचारलं, "मन वगैरे बरं आहे ना त्यांचं?"

दाव्याची कल्पना दादाचीच. दवाखान्याचं बिल त्यानं मला हातसुद्धा लावू दिलं नव्हतं. मग एक दिवस आला आणि म्हणाला, "अवो पाहुणे, मी पॉलिशी कशापायी भरतोय? माझ्या गाडीत माझ्या चुकीनं कोण जखमी झालं तर कंपनी देती. फकस्त केस माझ्यावर टाकाय लागती. टाका की!" लग्नात बहिणीला भांडी-कपाट दिलं होतं, तसा हा दावाही त्यानं तिला दिला.

शैला आधी तयार नव्हती. मग एका संध्याकाळी खिडकीशी उभी असताना म्हणाली, "लावू या. पैसे मिळोत न मिळोत. एकदा कुणीतरी शिक्का मारून लिहून तर देईल, की हिला दुखतंय."

मी तिचा नवरा होतो. माझा शिक्का चालणार नव्हता.

कोर्टाच्या व्हरांड्यात पोतनीस वकिलांनी दादाला पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"यांना का आणलंत?"

"ह्यांनीच आम्हांला आणलंय," मी म्हणालो.

"आता असं करा," पोतनीस दादाला म्हणाले, "बाहेर बाकावर बसा. आत येऊ नका. कुणी नाव विचारलं तर सांगू नका."

पण दादाचा स्वभाव नाव न सांगण्याचा नव्हताच. आम्ही आत जाऊन बसतो न बसतो तोच तो शेवटच्या बाकावर वहिनींशेजारी येऊन बसला, आणि पुकारा झाल्यावर उठून उभा राहिला. "हजर, साहेब!"

विमा कंपनीच्या वकील कशाळीकरबाई होत्या. पन्नाशीच्या, काठापदराच्या साडीतल्या, आणि आवाज असा की शाळेत आपल्याला आवडणाऱ्या एखाद्या बाई आठवाव्यात. त्यांनी मागं वळून दादाकडे पाहिलं, हसल्या, आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, "जाबदार नंबर एक स्वतःहून आलेच आहेत, तर त्यांची साक्ष घेऊन टाकू."

पोतनीस खाली मान घालून काहीतरी पुटपुटले. ते अर्थात नोंदवलं गेलं नाही.

दादा पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेताना त्यानं हात जरा जास्तच वर केला. पोतनीसांनी आधी विचारून घेतलं, आणि दादानं पाठ केलेलं वाक्य न चुकता म्हटलं, "चूक माझीच हुती, साहेब. मी मागं वळून बोलत हुतो." मग स्वतःच्या मनानं एक जोड दिली. "जी शिक्षा असंल ती द्या." न्यायाधीश म्हणाले, इथे शिक्षा देत नाहीत. दादा थोडा हिरमुसला.

पण काम झालं होतं. पोतनीसांनी श्वास सोडला. शैलानं पट्ट्यात अडकलेल्या मानेनं, सबंध अंग वळवून माझ्याकडे पाहिलं.

कशाळीकरबाई उठल्या.

"दादा, एकच बहीण ना तुम्हांला?"

"एकच. आई गेली तवा बारा वर्षांची हुती. मीच वाढवली."

"लग्नही तुम्हीच करून दिलंत?"

"व्हय. मांडव दोन दिवस उभा हुता."

"आणि आता तिच्यावर ही वेळ आली, तर सगळं कंपनीवर ढकलून मोकळे झालात. भाऊ म्हणून तुम्ही काहीच केलं नाहीत?"

"हरकत," पोतनीस म्हणाले.

"काय न्हाई केलं?" दादाचा आवाज चढला. "दवाखान्याचं समदं बिल मी भरलंय! पाहुण्यांना इचारा!"

बाईंनी पाहुण्यांना विचारलं नाही. त्यांनी न्यायाधीशांच्या लेखनिकाकडे नुसतं बघितलं, आणि तो लिहायला लागला.

"चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "पण दुखणं मोठं आहे हो. दिवसभर त्या बसूनच असतील. घरातलं सगळं तुमच्या पाहुण्यांनाच करावं लागत असेल. स्वयंपाक, धुणं... नवऱ्यानं करायचं आणि बाईनं बसून खायचं. पण करता काय, इलाज नाही."

मला वाटतं, पोतनीसांच्या आधी मला कळलं. मी दादाकडे बघून मान हलवली. पण दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो वहिनींकडे बघत होता. भर कोर्टात, त्याच्या बायकोसमोर, कुणीतरी त्याच्या बहिणीला आळशी म्हटलं होतं.

"बसून खाणारी न्हाई आमची पोरगी!"

"असं कसं? त्यांना तर हात उचलत नाही."

"कोण म्हणतं? अवो बाई, आता दिवाळीला भाऊबीजेला आली, तर भलामोठा डबा घिऊन आली. चकल्या, कडबोळी, अनारसं. समदं हातचं!"

"हातचं कशावरून? हल्ली सगळं विकत मिळतं."

"मी इचारलं की तिला. म्हणली, दादा, मीच केलंय. आन इचारायला कशाला पायजे?" दादा न्यायाधीशांकडे वळला. आवाज एकदम खाली आला. "साहेब, आमची आई जाऊन तीस वर्षं झाली. त्यातली एक चकली तोंडात टाकली आन माझ्या डोळ्याला पाणी आलं. आईच्या हातची चव. जशीच्या तशी. दुकानात मिळंल का असली?"

कशाळीकरबाईंनी विचारलं, अगदी हळू, "चकली सोऱ्यानं पाडायला जोर लागतो, नाही का दादा? खांद्यातून."

"लागतोच की! आमच्या मंडळींना दोन घाण्यांत दम लागतो."

मागं कुणीतरी हसलं. वहिनी हसल्या नाहीत.

त्या चकल्या आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या होत्या. मीच आणल्या होत्या, अनारसे आणि कडबोळ्यांसकट. आदल्या दिवाळीला शैला गळ्यात पट्टा घालून रिकाम्या हातानं माहेरी गेली होती, आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "असू दे गं, तुझं काय आता." ते 'तुझं काय आता' ती वर्षभर विसरली नव्हती. यंदा तिनं गटाच्या पिशव्या फोडून सगळं स्वतःच्या स्टीलच्या डब्यात भरलं. विकतच्या चकल्या फार एकसारख्या दिसतात, म्हणून डाव्या हातानं चार-पाच मोडून वर ठेवल्या. पिशव्या मला लांबच्या उकिरड्यावर टाकायला लावल्या. भाऊबीजेला दादा चकली खाऊन रडला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिनं निरांजनाची वात सारखी केली.

पोतनीस माझ्या कानाशी आले. "हे खरंय?"

"विकतचं होतं."

"मग हिला उभी करा! आत्ताच्या आत्ता!" आणि मोठ्यानं, "साहेब, जाबदारांचा गैरसमज झाला आहे. अर्जदार इथेच आहेत. त्यांना विचारावं."

न्यायाधीशांनी शैलाला बसल्या जागीच शपथ द्यायला लावली आणि चष्मा काढला. थकलेला, सभ्य माणूस होता. "बाई, उठू नका, बसूनच सांगा. तो फराळ तुम्ही केला होता का?"

शैला उठली. बाकाच्या पाठीला डाव्या हातानं धरून उठली. दादा अजून पिंजऱ्यातच होता. तिला त्याच्याकडे बघण्यासाठी मान वळवावी लागणार नव्हती, तो बरोबर समोर होता. सदऱ्याची इस्त्री अजून मोडली नव्हती. तो तिच्याकडे बघून हसला. सांग त्यांना, अशा अर्थानं त्यानं मान हलवली.

"घाबरू नका," न्यायाधीश म्हणाले. "जे असेल ते सांगा."

"हो, साहेब," शैला म्हणाली. "मीच केला होता."

"सगळा?"

"सगळा."

पोतनीसांनी हातातली फाइल मिटली.

"आणि हात दुखला नाही?" कशाळीकरबाईंनी विचारलं. मला आजही वाटतं, हा प्रश्न त्यांनी कंपनीसाठी विचारला नव्हता.

"घरच्या माणसांसाठी करताना काय दुखायचं?" शैला म्हणाली आणि खाली बसली.

दुपारी कोर्टाच्या आवारात झाडाखाली डबा उघडला. पोतनीस आमच्याबरोबर जेवले नाहीत. दादा खुशीत होता. "त्या वकीलबाई मला अडकवाय बघत हुत्या," तो घास घेता घेता म्हणाला, "पर सोडतोय व्हय मी? शैले, भाकरी घे की अजून." शैला डाव्या हातानं जेवत होती. वहिनींनी तिच्या ताटातली भाकरी न बोलता उचलली, बारीक मोडली आणि परत ठेवली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

रात्री ती म्हणाली, "तुम्ही रागावलात."

"नाही."

"आई गेल्यावर तो चुलीपुढं बसून रडायचा. मला दिसू नये म्हणून धूर झालाय म्हणायचा." पट्टा सोडून तिनं उशीवर ठेवला. "त्याला काय सांगू? की तुझी आई बचत गटात मिळते?"

निकाल पावसाळ्यात लागला. पोतनीसांनी तो मला वाचून दाखवला. अर्जदारास मुका मार लागला हे मान्य. तथापि अर्जदार स्वतः कबूल करते की ती जोराची कामे नेहमीप्रमाणे करते, सबब कायमचे किंवा अंशतः असमर्थत्व शाबीत होत नाही. उपचाराचा खर्च मात्र कंपनीनं द्यावा. खाली गोल शिक्का होता.

"अपील?" मी विचारलं.

"कशाच्या जोरावर?" पोतनीस म्हणाले. "उलटतपासात माणसं खोटी पडतात, सातपुते. तुमची मंडळी तर तिथे स्वतःहून खोटी पडली."

उपचाराचा खर्च दादानं केला होता, म्हणून कंपनीचा चेक वठल्यावर शैलानं ती रक्कम त्याला नेऊन दिली. तो भडकला. बहिणीकडनं पैसे घेणारा भाऊ नाही मी, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्या पैशातून तिला गर्भरेशमी साडी घेऊन आला. ब्लाउजपीस आतच होता. तो आम्ही बाहेर शिवायला टाकला. काखेत जरा आवळला होता, पण शैलानं चालवून घेतला.

मग दिवाळी आली. मी बचत गटात नाव नोंदवायला निघालो होतो. शैला म्हणाली, "नको. सोऱ्या काढून द्या माळ्यावरनं."

"वेडी आहेस का?"

"शपथेवर सांगितलंय मी."

"कोर्टाचा निकाल लागून गेलाय! आता कोण बघायला येणार आहे?"

"मला बघायचंय," ती म्हणाली.

भाजणी मी दळून आणली, पीठही मीच मळलं, तिथवर तिनं चालू दिलं. सोऱ्या मात्र दिला नाही. उजव्या हातावर डावा हात ठेवून, सबंध अंगाचा भार टाकून ती दाबायची. दांडा बोटभर खाली जायचा आणि थांबायचा. चकलीचा वेढा पुरा व्हायच्या आत तुटायचा. तुटलेली टोकं ती बोटानं चिकटवायची, बोटांना पीठ कळायचं नाही, मग ती बघून बघून चिकटवायची, आणि बघायला मान खाली घालावी लागायची. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो, मग बाहेर जाऊन उभा राहिलो. तळणीचा वास येत होता. एक डबाभर झाल्या. नंतर ती चार दिवस अंथरुणातून उठली नाही.

भाऊबीजेला मात्र उठली. नवी साडी नेसली, विट्याला दादाच्या दारात पट्टा काढून पर्समध्ये ठेवला, आणि दादाला ओवाळलं. ताट डाव्या हातानं फिरवलं. दादाच्या ते लक्षात आलं नाही. त्यानं ओवाळणी टाकली आणि लगेच डब्याचं झाकण उघडलं.

"हां! ह्याचीच वाट बघत हुतो."

त्यानं एक चकली उचलली. वेढा सुटला आणि अर्धी खाली पडली. उरलेली त्यानं तोंडात टाकली आणि चावली. मग चावायचा थांबला. वहिनी दारात उभ्या होत्या.

"गेल्या साली कशी झाली हुती," दादा म्हणाला. "ही न्हाई तशी." दुसरी उचलली, उजेडाकडे धरून उलटसुलट बघितली, जशी मिरजेच्या डॉक्टरांनी फोटोची फिल्म बघितली होती. आणि पहिल्यांदाच, अपघातानंतर पहिल्यांदाच, त्यानं बहिणीच्या हाताकडे पाहिलं.

"शैले," तो म्हणाला, "हाताला काय झालं गं तुझ्या?"

शैलानं पदर सारखा केला.

"काही नाही, दादा," ती म्हणाली. "भाजणी जरा चुकली."